दिवाळसणाची साइडकार

बाबा, रविवारी तुमच्या जावयाने ती लष्करी मोटरसायकल पुन्हा ड्राइव्ह-वेवर काढली, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात जळत उभी राहिले. मत्सरच तो, दुसरं काही नाही. युद्धाआधी रशियनांनी जर्मन मोटरसायकली गुपचूप कशा मिळवल्या, पुर्जा न् पुर्जा सुटा करून तशाच कशा बनवल्या, मॉस्कोवर संकट आल्यावर कारखाना आगगाडीत घालून उरल पर्वताकडे कसा हलवला, तिथे बिअरच्या जुन्या कारखान्यात गाड्या कशा तयार होऊ लागल्या, हे सगळं तो पाहुण्यांना सांगत होता. बाजूला जोडलेल्या साइडकारवर मशिनगन कुठे बसायची ते दाखवताना हातवारेसुद्धा तुमचेच. शेवटी म्हणाला, "सासऱ्यांनी आणि मी रिस्टोअर केली ही. अख्खे विंटर्स गेले गराजमध्ये."

तो तेव्हा होता कुठे, बाबा? गराजमध्ये मी होते. एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून आणलेला तो गंजका सांगाडा, कोपऱ्यातला हीटर आणि आपण दोघं. साइडकार जोडणं म्हणजे नुसते बोल्ट आवळणं नव्हे. चाकांची रेघ जराशी चुकली तरी गाडी एका बाजूला ओढत राहते, हे मला तुम्ही शिकवलंत. चाकांलगत सुतळी ताणून एक टोक मी धरते, दुसऱ्या टोकाला तुम्ही गुडघ्यांवर, एक डोळा मिटून. "हात हलवू नकोस गं, सगळं वाकडं होईल!" मी श्वाससुद्धा रोखते. त्या ओरडण्याचा मला केवढा अभिमान वाटायचा.

मग माझं लग्न, पहिली दिवाळी. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. आईने जावयाला ओवाळलं, आणि दिवाळसणाची अंगठी द्यायची सोडून तुम्ही गराजचं दार वर केलंत. "जावईबापू, ही तुमची."

आईने विचारलं, "अहो, पोरीला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? तिच्याच घरी तर जातेय."

तुम्हाला खरंच वाटलं, मलाच दिलीत. त्याला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हेही कळत नव्हतं. उन्हाळाभर तुम्ही त्याला शिकवलंत आणि मला साइडकारमध्ये बसवलंत, मांडीवर जेवणाचा डबा देऊन. माणूस चांगला आहे हो तो, म्हणून तर धड भांडताही येत नाही.

पाहुणे गेल्यावर खांदा चोळत तो म्हणाला, "मला आता ही हँडल होत नाही. तू चालव ना. तुला माझ्यापेक्षा जास्त कळते, आय नो." आणि किल्ली पुढे केली. इतकी वर्षं हेच ऐकायला कान आसुसले होते, बाबा. तरी मी म्हटलं, "टेबलावर ठेव."

अजून तिथेच आहे ती. तुम्ही गेलात, हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, एवढं मला कळतं. तरी किल्लीला हात लावलेला नाही. तुम्ही येऊन द्याल, म्हणून थांबलेय.