विहीर बघून दिलेली लेक

आई, माझ्या नातीला शाळेत ‘आपला जिल्हा’ लिहून न्यायचाय, म्हणून सकाळपासून ती माझ्या मागं लागलीय. पुस्तकातलं सगळं तिला ठाऊक आहे, पाचगणीच्या शाळा, स्ट्रॉबेरी, नदीकाठचा ऊस. मी म्हणलं, बाई गं, आमच्या वेळी सातारा जिल्हा एक नव्हताच. आमच्या वडूजकडं बायकांची डोई घागरीखाली झिजायची आणि इकडं कऱ्हाडकडं उसात पाणी नुसतं वाहत असायचं. तिनं हसत लिहून घेतलं. मला मात्र तेव्हापासून एका जागी बसवेना. दोनदा उगाच अंगणात जाऊन आले आणि आता हे लिहायला घेतलंय.

बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघी खडी फोडायला जायचो आणि येताना टँकरमागं पळायचो. तेव्हाच तू ठरवलंस, पोरगी द्यायची तर नदीकाठीच. बायकांनी स्थळ बघायला जायची रीत नव्हती, पण बाप म्हणून दादा निघाले, तर तू त्यांच्या आधी एस्टीत चढून बसलीस. तिथं पुरुष माणसं सोप्यात चहा पितायत, आणि तू मागल्या दारी विहिरीत बादली सोडतीयस. घरी आलीस ती दारातनंच ओरडत, “अगं, अर्धा दोरसुद्धा लागला न्हाई! दिली पोरगी!”

मी भाकरी थापत होते. विचारलं, “आणि पोरगा कसा हाय गं?”

“आत्ता गं बया!” तू पदर तोंडाला लावलास. “त्येच्याकडं बघायचं ऱ्हाऊनच गेलं की.”

“मी बघितलाय,” दादा म्हणाले. “मिलिट्रीत हाय. धडधाकट हाय.”

सगळे पोट धरून हसले. मीही हसले, काय करणार?

माणूस वाईट नव्हता, आई. पण वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचा, आणि सासूबाई कामापुरतंच बोलायच्या. एवढ्या मोठ्या घरात दिवस दिवस मला कुणी नावानं हाक मारायचं नाही. विहिरीवर गेले की तुझा राग यायचा. अजून येतो, खोटं कशाला बोलू?

पुढं तू मला भेटायला आलीस. उसाच्या पाटात पाय सोडून बसलीस, लुगडं भिजलं तरी उठेनास. “लय बरं झालं बाई तुझं,” म्हणालीस. मग एकदम माझ्याकडं वळून विचारलंस, “सुखात हाईस न्हवं?”

मी म्हणलं, “व्हय.”

तेवढ्यावर तू साऱ्या आळीला सांगत सुटलीस म्हणे, लेक सुखात पडली म्हणून. दुसऱ्या वर्षी तू गेलीस. माझ्या मनातलं कळलं असतं तर तू जिवाला लावून घेतलं असतंस, म्हणून हा कागद कुठं पोचणार नाही तेच बरं. पण मला तेव्हा ‘व्हय’ म्हणायचं नव्हतं गं. तुझा पदर धरून म्हणायचं होतं, मला घरी ने, पाणी मी आणीन.