उजव्या हाताचा पट्टा

अब्बा, मी गाडीवरून पडली. घाबरू नका, महिना झाला त्याले, आता बरी आहे. आपण घरात हिंदीच बोलायचो, पण लिहायले बसली का मले शाळेतली मराठीच सुचते, सांभाळून घ्या. ऊर्जानगरच्या वळणावर ट्रकातून सांडलेली कोळशाची चुरी होती. ब्रेक दाबला अन् गाडी खालून निसटली. तुमी म्हणायचे तसंच झालं, आधी दोन्ही हात टेकले. डाव्या हातमोज्याच्या तळव्यावर तुमी लावलेलं दुहेरी चामडं पार घासून गेलं, पण आतला हात जसाच्या तसा. उजवा हातमोजा मात्र निघून नालीत पडला होता. तो तळवा सोलून निघाला. पट्टा लावला नव्हता ना.

मले नोकरी लागली तेव्हा बल्लारपूरच्या दुकानात, सीट कवर शिवायच्या मशीनवर तुमी हे मोजे शिवले. बोटांच्या गाठींवर सीटचा फोम भरला. शिवण बाहेरून घेतली, नाई तर पडल्यावर तीच रुतते म्हणून. मले ते लय बेढब वाटले. मी म्हटलं, अब्बा, लोक हसतील, बाजारात चांगले भेटतात. तुमी मान वर न करता मनगटाचं बकल टाचत राह्यले अन् म्हणाले, "हसू दे. पट्टा नसला तं मोजा हवेत उडते अन् हात सडकेवर राह्यते."

डाव्याचं बकल मी लावायची. मग उजवा मोजा चढवला का डाव्या हाताची जाड बोटं त्या बकलावर चालतच नव्हती. एवढे मोठे कारागीर तुमी, पण हे तुमच्या ध्यानात आलं नाई. रोज सकाळी मी दारातून आवाज द्यायची, तुमी चहा खाली ठेवून यायचे, बकल लावायचे, मनगट ओढून पाहायचे, मगच चाबी हातात द्यायचे. तुमी गेले अन् उजवा पट्टा तसाच लोंबत राह्यला. चिपकपट्टीवाले मोजे भेटतात, एका हातानं लागतात. मी घेतले नाई. आता इथी क्वार्टरमधी मी एकटीच. शेजारी चांगले आहेत, पण कोणापुढं हात करावा असं वाटलं नाई. लय आठवण येते तुमची.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा याच हातावर पडली तर बोटं नीट वाकणार नाईत, मोजा बांधल्याशिवाय गाडीवर बसू नको. डाव्याले मोच्याकडून नवं चामडं लावून घेतलं अन् आज पहिल्यांदा ड्युटीवर निघाली. कॉलनीच्या गेटवर पहाऱ्याची बाई असते, माझ्याच वयाची. तिच्यापुढं गाडी थांबवून उजवा हात पुढं केला. तिनं बकल लावलं, घट्ट झालं का विचारलं. मग सहज म्हणाली, "घरी कोणी लावून देत नाई का, ताई?"

हे पत्र कुठीच जाणार नाई, म्हणून सांगते. मी खोटं बोलली. म्हटलं, "अब्बा देतात. आज घाईत राहून गेलं."