चाक कुणाचं लागलं

बुधवार, २ एप्रिल
बुधवार संध्याकाळच्या सायकल शर्यतींत नाव दिलं. आठ बुधवार. कारखान्यांमागचा रिंगरोड, दहा फेऱ्या. गट: पंचेचाळीसच्या पुढचे. शेवटी सगळे पॉइंट मिळवून पहिल्या तिघांना मेडल. आज नऊ जणांत आठवा. नवव्याचं टायर पंक्चर होतं. पण पहिल्याच दिवशी सगळा जोर दाखवायचा नसतो.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला प्रॅक्टिस. गोड बंद.

गुरुवार, ३ एप्रिल
उठलो नाही. स्नायूंना विश्रांती लागते. बायको म्हणाली, चष्म्याच्या दुकानात दिवसभर बसून स्नायू दमतात का? उत्तर दिलं नाही. तोंडात बिस्कीट होतं.

बुधवार, ९ एप्रिल
आधी चांगली बातमी. सहावा!
आता दुसरी. सातव्या फेरीत वळणावर खड्डा दिसला म्हणून सायकल उजवीकडे ओढली. मागे बघितलं नाही. माझं मागचं चाक कशाला तरी घासलं, आणि मागे धाडकन आवाज. बेकरीवाला पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आणि दातांचे डॉक्टर दोघं पहिल्या नंबरासाठी झुंजत होते आणि मला एक फेरी जास्त मारून पुढे जात होते. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर त्या क्षणी मी दोघांच्या पुढे होतो.
डॉक्टर थांबले. मी थांबलो नाही. दोघांनी थांबून गर्दी कशाला करायची?
नंतर शिट्टीवाल्या सरांनी (रिटायर्ड पीटी शिक्षक, शर्यती तेच भरवतात) सगळ्यांना विचारलं, चाक कुणाचं लागलं? कोणीतरी म्हणालं, शेजारी डॉक्टरच होते. डॉक्टर पांढरेफटक. मी खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधत होतो.
माझ्या बुटांना नाड्या नाहीत. वेल्क्रो आहे.

गुरुवार, १० एप्रिल
झोप नाही. बायको म्हणाली, रात्रभर लाथा मारत होतास. प्रॅक्टिस, म्हटलं.
संकल्प: रविवारी बेकरीवाल्याला सगळं सांगणे.

रविवार, १३ एप्रिल
गेलो. त्याचा हात गळ्यात. त्याची बायको एकटी भट्टीतून ट्रे काढत होती. मी घसा साफ केला आणि म्हटलं, काही मदत लागली तर सांगा. ती म्हणाली, उद्या पहाटे पाचला या.
सुरुवात तर झाली. बाकीचं हळूहळू.

शनिवार, १९ एप्रिल
सहा दिवस पहाटे पाचला उठतोय. सायकलसाठी नाही, ट्रे घासायला. बेकरीवाला प्रत्येक गिऱ्हाईकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, पडल्यावरच माणसं कळतात. भट्टीपेक्षा माझे कान गरम.

मंगळवार, २२ एप्रिल
सकाळी डॉक्टर बेकरीत आले. माफी मागायला! म्हणाले, मला नीट आठवत नाही हो, पण माझंच चाक लागलं असणार, सगळे म्हणतायत म्हणजे. बेकरीवाल्याने मान फिरवली. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही एकटेच माझ्याशी नीट वागताय.
आज सांगणार होतो. पण दोघंही अस्वस्थ होते. अशा वेळी आणखी त्रास देणं माणुसकीला धरून नाही.

बुधवार, ३० एप्रिल
डॉक्टरांनी शर्यतीला येणं सोडलंय. एकाची बदली झाली, एकाची पाठ धरली. उरलो पाच. पॉइंटच्या तक्त्यात मी तिसरा! आयुष्यात पहिल्यांदा.
नवा प्लॅन: आधी मेडल घेणे, मग सांगणे. मेडलवाल्याच्या शब्दाला वजन असतं.
तक्त्याचा फोटो काढला. कुणालाही पाठवावासा वाटेना.

बुधवार, ७ मे
दुपारी डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये गेलो. सांगून टाकायचंच ठरवून. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठला दात? घाबरून उजवीकडचा सांगितला. खुर्चीत झोपवलं. दात खरंच किडलेला निघाला. इंजेक्शन दिल्यावर धीर आला, म्हणालो, डॉक्टर, माझं चाक. बाहेर पडलं, ओहोह, आहं आह. दुखतंय वाटून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.
मग स्वतःच बोलत राहिले. सायकल विकायला काढलीय. अपघातापासून हात थरथरतात. तुमच्या वेळी नाही थरथरणार, घाबरू नका.
थरथरले. मी हूं की चूं केलं नाही.

गुरुवार, ८ मे
बायकोला सगळं सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालायची थांबली. वाटलं, समजूत काढेल. म्हणाली, मला सांगून काय उपयोग? माझं हाड मोडलंय का?

रविवार, ११ मे
बेकरीवाल्याला सांगितलं. ट्रे हातात घेऊनच. त्याने बऱ्या हाताने भट्टीचं दार लावलं. मग म्हणाला, म्हणजे महिनाभर मी त्या माणसाकडे पाठ फिरवली, ती तुझ्यामुळे. मी म्हटलं, मी रोज येत होतो ना पण. तो म्हणाला, ट्रे खाली ठेव. उद्यापासून येऊ नकोस.
त्याची बायको आत गेली, ती बाहेर आलीच नाही.
तिथून डॉक्टरांच्या घरी. दारातच सांगितलं. कारणं बरीच तयार होती, एकही आठवलं नाही. ते म्हणाले, मला एकट्याला नका सांगू. जिथे सगळे होते, तिथे सांगा. दार आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, १४ मे
सगळ्यांसमोर सांगायचं म्हणून दोन पानी भाषण लिहिलं. पहिलं पान खड्ड्याबद्दल. दुकानात पंचवीस चष्म्यांचं काम तुंबलं होतं, त्यामुळे शर्यतीला गेलो नाही.
तीन चष्मे होते.

बुधवार, २१ मे
शेवटची शर्यत. दोन्ही पानं घरीच ठेवली. स्टार्टपाशी सरांचा भोंगा मागितला आणि म्हटलं, त्या दिवशी चाक माझं लागलं. डॉक्टरांचं नाही. मला तेव्हाच माहीत होतं. एवढंच.
बेकरीवाला बिनसायकलचा कडेला उभा होता. तो चालत डॉक्टरांपाशी गेला, बऱ्या हाताने त्यांचा हात धरला आणि धरूनच उभा राहिला. डॉक्टर आले होते. सायकल विकलेली नव्हती.
सरांनी तक्त्यातून माझं नाव खोडलं. पळवायची असेल तर पळव, म्हणाले, पॉइंट मिळणार नाहीत.
पळवली. बाकीचे माझ्यापासून जरा लांबूनच चालवत होते. तिसऱ्या फेरीनंतर एकटाच. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. मला चढावर काही फरक जाणवला नाही.
सहाव्या फेरीत मागून आवाज आला, उजवीकडून येतोय! डॉक्टर. एक फेरी जास्त मारून पुढे गेले. माझ्याकडे बघितलं नाही. पुढे जाताना ओरडून सांगायचं, हा नियमच आहे, सगळेच सांगतात.
मी डाव्या कडेला सरकलो आणि त्यांना जागा दिली.