वाकडी पल्स

सोमवार, ४ मार्च
पुन्हा तेच! किती क्षीण खूण पडद्यावर दाखवायची ती रडारची मर्यादा खाली आणली की पडदाभर खोटे ठिपके, वर नेली की लहान होड्या गायब. दादाची लाकडी होडी बंदराच्या तोंडाशी होती, तरी दिसली नाही. धुक्यात एखादं जहाज तिच्यावर चढलं तर? साहेब म्हणतात, "शुक्रवारी दाखवा, नाहीतर गुंडाळा."

बुधवार, ६ मार्च
हिला सर्दी झालीय. दुपारी फोन आला, मी विचारून बसलो, "कोण बोलतंय?"
"इतकी वर्षं संसार करून बायकोचा आवाज ओळखू येईना— आणि निघालेत समुद्रातल्या होड्या ओळखायला!"
खरंच की! मी मनात तिचा निरोगी आवाज धरून होतो. रडारचंही हेच चाललंय. आम्ही सरळ, चौकोनी पल्स, म्हणजे लहरींचा छोटा ठोका, पाठवतो आणि गोंगाटात तशीच सरळ शोधत बसतो. पण लाटांवर आपटून, यंत्रातून, तारांतून येईपर्यंत ती वाकते, मागे शेपूट फुटतं. शोधायची ती वाकडीच!
जगात सरळ परत येतं तरी काय?

गुरुवार, ७ मार्च
बंदराच्या तोंडाशी बोया आहे, साखळीने बांधलेली तरंगती खूण. त्याची जागा पक्की ठाऊक, म्हणून त्याच्यावरून परतलेली पल्स नमुना म्हणून घेतली. त्या आकाराचं तेवढं ठेवायचं, बाकी पुसायचं. खोटे ठिपके विझले! हात आपोआप जोडले गेले.

शुक्रवार, ८ मार्च
दिसली!! दादाला बोयाच्या पलीकडे थांबायला सांगितलं होतं. समुद्र खवळलेला, आणि बरोबर तिथेच एक ठिपका— बारीक, पण ठाम. साहेबांनी पाठ थोपटली. "जिंकलात, मास्तर!" मला मास्तर म्हणतात इथे. आज पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता.

तासाभराने
दादाला परत फिर सांगायला फोन लावला. तर तो किनाऱ्यावरच!
"अरे, इंजिन सुरू होईना. मी निघालोच नाही."
साहेबांचा चेहरा पडला. कोणीतरी म्हणालं, "मास्तरांनी भूत पकडलं!" हशा. मला हसू येईना. आकार तोच होता, शेपटासकट. म्हणालो, "लाँच पाठवा. रिकामी आली, तर मीच गुंडाळतो हे सगळं."
लाँच गेली आहे. देवाचं नाव घेत बसलोय.

संध्याकाळी
लाँच परतली. ठिपक्याच्या जागीच अर्धी बुडालेली होडी. काठ धरून दोघी अनोळखी मुली, बहिणी-बहिणी. जिवंत!