एक म्हणजे पहिला नंबर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, माहिती प्रणाली विषयाची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसं शेजारच्या डॉक्टरांनी काल तपासून लिहून दिलं आहे. जीव मात्र ठिकाणावर नाही. इथवर येईपर्यंत दोनदा उठले. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती तीन आहेत आणि तिन्हींत मी मुख्य गोष्ट टाळली आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव धाकट्या बहिणीला. घर विकायचं तर तिने खुशाल विकावं. बाल्कनीचं दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं. ती सांगणार नाही, मी ओळखून आहे.

२. पुस्तकं माझ्या विद्यार्थ्याला, म्हणजे सध्याच्या विभागप्रमुखांना. माझ्या निरोप समारंभात त्याने बावीस मिनिटं माझं कौतुक केलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या खोलीची किल्ली मागून घेतली. राग गेलेला नाही. तरी पुस्तकं त्यालाच, कारण तो ती वाचतो.

३. माझा शोधनिबंध. तो कोणाच्या नावे करता येत नाही, पण माझी खरी मिळकत तीच. आजवर चार हजार एकशे सोळा ठिकाणी त्याचा संदर्भ दिला गेला आहे. (आत्ता उठून पाहिलं. सतरा.)

त्यात दोन रुग्णालयांतल्या केसपेपर खिडकीवरच्या कारकुनांची तुलना आहे. पहिल्या ठिकाणी नवी संगणक प्रणाली कारकुनांना विचारून बनवली होती, दुसऱ्या ठिकाणी न विचारता बसवली होती. प्रश्न एकच: समाधान किती, एक ते पाच? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पुरेपूर. हा खुलासा फॉर्मवर छापायचा राहिला होता, तो मी तोंडी सांगत असे. विचारलेले कारकून नाराज निघाले, न विचारलेले खूश. निष्कर्ष उलटा, म्हणूनच गाजला. विचारलं की अपेक्षा वाढतात, तेव्हा विचारूच नका, असा अर्थ काढून कितीतरी कार्यालयांनी खिडकीवरच्या माणसांना विचारणं सोडलं. याला संशोधनाचा परिणाम म्हणतात. त्याबद्दल मला मानचिन्ह मिळालं.

फॉर्मवरचे आकडे संगणकात भरायला एक ऑपरेटर होती. दहाही बोटं भराभर चालायची, म्हणून सगळे तिला दहाबोटी म्हणत. एका दुपारी ती फॉर्मचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आली.

"मॅडम, हिने एक दिलाय आणि खाली लिहिलंय, फार छान, रांग लवकर संपते. असे बरेच आहेत."

"तुम्ही आकडे भरा, अर्थ माझ्यावर सोडा," मी म्हणाले.

तिने भरले.

निबंध छापून आल्यावर दोन वर्षांनी ते फॉर्म मी सहज चाळले. एक आकडा देऊन खाली कौतुक लिहिलेले सगळे फॉर्म पहिल्या रुग्णालयाचे निघाले. पहिल्या रुग्णालयाच्या हेडक्लार्कना फोन केला. तिथे मला तापामुळे जाता आलं नव्हतं, फॉर्म त्यांनीच वाटले होते.

"सगळ्यांना नीट समजावलं होतं मी," ते म्हणाले. "एक म्हणजे पहिला नंबर. आवडलं असेल तर एक लिहा."

मी आभार मानून फोन ठेवला. त्याच महिन्यात मला प्राध्यापकपद मिळालं. चोवीस वर्षं मूग गिळून बसले. मला याची लाज वाटते.

दुरुस्तीचं पत्र तयार आहे. माझ्या मृत्यूनंतर बहिणीने ते नियतकालिकाच्या संपादकांना पाठवावे. (ही दोन वाक्ये खोडली आहेत. कारण पुढील कलमात.)

४. आज सकाळी दहाबोटी साक्षीदार म्हणून आली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहिली की झालं. तिने चष्मा लावला आणि अथपासून इतिपर्यंत वाचला.

"मेल्यावर कशाला?" ती म्हणाली. "लोक प्रश्न विचारतील. उत्तरं कोण देणार, तुमची बहीण?"

"तेवढं धैर्य नाही हो माझ्यात."

"मग माझी सहीही नाही. एकदा तुमचं ऐकून भरलं, मॅडम. आता नाही."

पेनाला टोपण लावून ती बसून राहिली. मी खोलीत फेऱ्या मारत होते. शेवटी बहीण म्हणाली, "ताई, बस गं आता," आणि मी संगणकापुढे बसले. चूक पहिल्यांदा कोणी दाखवली तेही पत्रात घातलं आणि ते पाठवून दिलं. एक प्रत विभागप्रमुखांना, कारण त्याची पीएच.डी. याच निबंधावर उभी आहे. त्याचा फोन चार वेळा वाजून गेला. दुपारी उचलीन.

संपादकांच्या कार्यालयाचं साच्यातलं उत्तर लगेच आलं. चौकशी वर्षभर चालू शकते, तोवर लेखिका उत्तरं द्यायला उपलब्ध असतील का? मी लिहिलं, असेन.

वरील सर्व मजकूर, खोडाखोडीसकट, माझा आहे.

(सही) निवृत्त प्राध्यापिका

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, सकाळचे सव्वाअकरा

आमच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) दहाबोटी, निवृत्त ऑपरेटर. पत्र गेल्याचं पाहून सही केली.
२. (सही) शेजारचे डॉक्टर