चाळीस वर्षांचे पाय ऑनलाइन

२ जानेवारी, सकाळी ११
नवी रोजनिशी. आजपासून दुकानाची स्ट्रॅटेजी लेखी ठेवायची. उघडल्यापासून चार गिऱ्हाइकं. चौघांनी मिळून एकोणीस जोड पायात घातले, आरशासमोर चालून पाहिले, आतला नंबर वाचला, फोनने फोटो काढला आणि घरी विचारून येतो म्हणाले. घरी विचारायला फोटो कशाला लागतो? लागत असेल.

२ जानेवारी, दुपारी
थोरले बंधू येऊन गेले. बाबांनी दुकान दोघांच्या नावावर ठेवलंय, हे दादाला अधूनमधून आठवतं. म्हणाला, कुरियर कंपनीला या रस्त्यावर पार्सलं ठेवायला जागा हवी आहे. एकतीस मार्चपर्यंत दुकान चालतं करून दाखव, नाहीतर जागा त्यांना देऊन टाकू. मी हसलो. तो हसला नाही.
ज्या स्टुलावर बसून बाबांनी अख्ख्या वस्तीला बूट घातले, त्यावर पार्सलं! मी असेपर्यंत शक्य नाही.

५ जानेवारी
इंटरनेटच्या जमान्यात धंदा कसा करावा, यावरचे तीन व्हिडिओ पाहिले. तिसरा अर्धाच. मध्ये जाहिरात लागली. बुटांची. बरे होते.
निष्कर्ष: मोठ्या कंपन्यांची ताकद माल नाही, डेटा. गिऱ्हाइकाची माहिती. ती आपण कुठून आणायची?

६ जानेवारी
आहे की! खालच्या खणात, बाबांच्या अकरा वह्या. गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, शेजारी लांबी, रुंदी आणि कुठल्या कंपनीचा कुठला नंबर बसेल ते लिहायचं. आधी बाबांनी, मग मी, मिळून चाळीस वर्षं. त्या कंपन्यांकडे लोकांचे नुसते पत्ते आहेत. आपल्याकडे पाय आहेत.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी हात धुवा, वह्यांना बुरशी आलीय.

१४ जानेवारी
भाची वेबसाइट करून देते आहे. हुशार पोरगी. गिऱ्हाइकाने आपलं नाव टाकायचं, की त्याचा पाय स्क्रीनवर! माप, नंबर, सगळं. फुकट. तिने विचारलं, पण मामा, मग बूट तुझ्याकडूनच का घेतील? मी म्हटलं, विश्वास. ती पुन्हा टाइप करू लागली. पटलं असावं.

३० जानेवारी
मी वह्या वाचतो, भाची टाइप करते. दिवसाला चाळीस पाय. घसा बसलाय. उद्यापासून गरम पाणी, आणि रोज पहाटे चालायला जाणे.

३१ जानेवारी
गेलो नाही. नवे बूट चावतात.

११ फेब्रुवारी
किरकोळ अडचण. बाबा मापाशेजारी शेरे लिहायचे. वाचण्याच्या भरात मी तेही वाचले, भाचीने तेही चढवले. रिटायर्ड मुख्याध्यापिका बाई तणतणत आल्या आणि फोनवर स्वतःचाच पाय माझ्यापुढे धरला. खाली लिहिलेलं: ‘डावा पाय किंचित मोठा. अंगठ्याशी कुरूप. तीनदा बदलून नेल्याशिवाय समाधान नाही.’ हात जोडले. शेरा काढायला लावला. जाताना बाई म्हणाल्या, माप मात्र अचूक आहे हो.
म्हणजे चिडलेलं गिऱ्हाईकसुद्धा मान्य करतं!

२० फेब्रुवारी
साइट तुफान! एका दिवसात तीनशे बारा जण. भाची म्हणते, शेऱ्यांसाठी येताहेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं टाकून बघतात. बघेनात का. दादाला फोन लावला. त्याने विचारलं, दुकानात किती आले? मी म्हटलं, दादा, आजकाल दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत. तो म्हणाला, भाडं चार भिंतींचंच येतं.

२ मार्च
दुकानात कोणी नाही. घालून बघायलासुद्धा नाही. आरसा पुसला. दोनदा.

९ मार्च, दुपारी
शेजारचा सलूनवाला खुशीत आला. म्हणाला, पूर्वी ऑनलाइन बूट मागवायचो, बसायचे नाहीत, परत पाठवायचो. आता कटकट संपली. तुमच्या साइटवर नंबर बघायचा, तिकडे मागवायचे. सगळे तेच करतात, शेठ, तुम्ही फार मोठं काम केलंत. त्याने पाय वर करून दाखवला. सुरेख बसला होता. अंगठ्यापुढे बोटभर जागा. माप मीच घेतलं होतं.

९ मार्च, संध्याकाळी
भाचीला म्हटलं, साइट बंद कर. ती म्हणाली, करते, पण मामा, लोकांनी नंबर कधीच लिहून घेतलेत.
मला काही सुचत नाहीये. बाबांनी वाकून वाकून जे जमवलं, ते मी दोन महिन्यांत वाटून टाकलं. बायकोला सगळं सांगितलं. तिने गरम पोळी वाढली फक्त. बोलली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च
हिंमत सोडायची नाही. अजून अकरा दिवस आहेत. नवी स्ट्रॅटेजी:

२१ मार्च
दहा.

३१ मार्च
दादा आला. बरोबर कुरियर कंपनीचा माणूस. त्याने टेप लावून दुकानाचं माप घेतलं. डावी भिंत उजवीपेक्षा किंचित मोठी निघाली. दादा म्हणाला, काउंटरवर तूच बस, त्यांना माणूस हवाच आहे. विचार करून सांगतो म्हटलं. ते दाराबाहेर पडायच्या आत विचार झाला. स्टूल तेवढं राहू द्या, म्हणालो. दादाने माझ्याकडे न बघता मान हलवली.

१८ एप्रिल
दुकानात गर्दी! आज एकसष्ट माणसं. डेटामुळे माणसं दुकानात येतात, हे मी जानेवारीतच ओळखलं होतं.
दुपारी मुख्याध्यापिका बाई आल्या. पार्सल दिलं. त्यांनी तिथेच फोडलं, नवे बूट निघाले. बसायला बाक शोधू लागल्या. बाक आता नाही, म्हणून बाबांचं स्टूल पुढे केलं. मग मी फरशीवर बसलो. बूट चढवायचा शूहॉर्न खिशातच असतो. टाच आत सरकवली, नाड्या बांधल्या, अंगठ्यापुढे दाबून पाहिलं. अगदी बरोबर. तोंडातून निघून गेलं, चालून बघा.
बाई आरशाकडे वळल्या. तिथे पार्सलांचं रॅक आहे. मग दारापर्यंत चालल्या, छान आहेत म्हणाल्या, आणि तशाच बाहेर पडल्या. जुने टाकून द्या, असं रस्त्यावरून सांगितलं.
उलटे करून पाहिले. आमच्याच दुकानातले. टाच अजून शाबूत आहे.