कॅरियर नसलेली सायकल

आबा, गेल्या शनिवारी मी धुळ्याहून पिंपळनेरपर्यंत सायकलनं गेले आणि तिथं एका बाईनं मला विचारलं, तुझ्या सायकलला कॅरियर का नाही? तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मोडलं. शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारी मी, धडधडीत खोटं बोलले. खरं काय ते फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, म्हणून या वहीत तुम्हालाच लिहायला बसले.

सायकल तीच आहे, हिरवी. मी डी.एड.ला लागले तेव्हा तुम्ही कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरून ती जुनी आणलीत, आपल्या भुसावळच्या क्वार्टरसमोर बारदान अंथरलंत आणि दोन रविवार तिचा नट न् नट सुटा करून परत जोडलात. रेल्वेतला फिटर तो, घरातही गप्प बसेल तर शपथ. कॅरियर तिला मुळात नव्हतंच. ते तुम्ही वेगळं आणून बसवलंत. "एकटी पोरगी रस्त्यानं नको. मागं मैत्रीण बसेल," असं म्हणालात. आईनं विचारलं, दुसरीचं वजन पेलेल का? तर तुम्ही स्वतः पायजमा सावरत त्यावर बसून दाखवलंत, आणि मला म्हणालात, "चल, ने बरं बापाला." मी तुम्हाला पाण्याच्या टाकीपर्यंत नेलं होतं. आठवतं तुम्हाला?

मग मैत्रीण बसली. मागच्या ओळीतल्या क्वार्टरमधली, माझ्याच वर्गातली. वर्षभर रोज माझ्या कमरेला हात घालून बसली. त्या दिवशी आई सावद्याला मामाकडे गेलेली. ती आपल्या स्वयंपाकघरात ठेचा वाटतेय, आणि मी तिच्यामागं बसून तिच्या पाठीला गाल टेकवलाय, डोळे मिटलेत. वरवंटा थांबला म्हणून मी डोळे उघडले, तर दारात तुम्ही. पाळीवरून लवकर आलेले. तुम्ही डबा ओट्यावर ठेवलात आणि पाय न धुताच बाहेर निघून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली तर मागं नुसतं मडगार्ड. तुम्ही हात पुसत उभे होतात. "उद्यापासून... नाही, आजपासूनच. एकटीनं जायचं," एवढंच बोललात. मारलं नाहीत, शिवी दिली नाहीत, आईला सांगितलं नाहीत. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तुमचा मला फार राग आला होता आबा. अजूनही येतो.

तर आता पिंपळनेर. पाच वर्षांपूर्वी धुळ्यात मला बघायला एक मुलगा आला होता, बँकेतला. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तर तो घाम पुसत म्हणाला, "रागावू नका, पण मला बाईशी लग्न करायचंच नाही." मी इतकी हसले की खाली सगळ्यांना वाटलं जमलं. म्हटलं, मलाही पुरुषाशी करायचं नाही. लग्न मोडलं, दोस्ती जमली. त्यानं आपल्यासारख्या चारचौघांशी पत्रापत्री सुरू केली, नाशिक, पुणे, मुंबईपर्यंत. आपल्यासारखे म्हणजे माझ्यासारखे. शेवटी ठरलं की एकदा सगळ्यांनी भेटायचं, सायकली काढायच्या, पांझरेच्या काठी तंबू ठोकून एक रात्र राहायचं. बाई, बाप्या, कुणीही असो, कुणाला काही विचारायचं नाही. नऊ जण जमलो. शाळेचे स्काऊटचे दोन तंबू मी मागून आणले. वाटेत कुणी विचारलं तर आम्ही निसर्ग मंडळ.

आणि दहावी त्या बँकवाल्याची आई! वांगी आणि पिठाचा डबा घेऊन एस.टी.नं येऊन बसलेली. तिला सगळं माहीत. मी म्हटलं, काकू, तुम्ही कशा आलात? तर म्हणे, "मना पोऱ्या शे. मी नही येसू ते कोन ई?" पोरगा तिचा, मग ती नाही येणार तर कोण येणार! नदीकाठी तीन दगडांची चूल मांडून ती वांगी भाजत होती, तिचा पोरगा बाजूला बसून सोलत होता, दोघं मिरच्या किती घालायच्या यावरून भांडत होते. मी पाण्याला जायचं निमित्त करून उठले. तुम्ही आला असतात का, हे मला स्वतःलाही विचारवलं नाही.

माझं सामान दुसऱ्यांच्या सायकलींवर लादलेलं तिनंच पाहिलं. "बठ्ठास्ना सायकलीस्ले शे, तुनीले काबरं नही वं कॅरियर?" तेव्हाचंच ते माझं खोटं.

नाशिकची एक नर्स होती. शनिवारी साक्रीपासून माझ्या बरोबरीनं चालवत आली. चढावर मी मागं पडले की थांबायची. रविवारी सकाळी नदीत पाय धुताना तिचा घोटा मुरगळला. पायडल मारणं शक्य नव्हतं, एस.टी. स्टँड चार किलोमीटर. ती हसत मला म्हणाली, "तुझ्यामागं बसते, ने मला." मग तिनं माझ्या सायकलकडे पाहिलं. बँकवाल्यानं लगेच आपली सायकल माझ्यापुढं केली. हँडल माझ्या हातात होतं, आबा. मी म्हटलं, "मला डबलसीट जमत नाही." तिच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. त्यानंच तिला नेलं. ती मागं बसून, सीटला धरून, वळणापर्यंत माझ्याकडे बघत होती. काकूंनी चुलीतली राख सारता सारता म्हटलं, "जमस नही की भ्यास तू?" मी तंबूचे खुंटे उपटायला गेले.

तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर मी तुमची हत्यारांची पेटी उघडली होती. तळाशी तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं ते कॅरियर होतं, आणि तंबाखूच्या डबीत त्याचे चारही नट. काढल्याला चार वर्षं झालेली, तरी गंजाचा ठिपका नाही. बोटाला तेल लागलं. तुम्ही ते अधूनमधून काढून पुसत होतात. कशासाठी, ते मला कळलं नाही. मी मागावं म्हणून वाट बघत होतात का? मीही तुमचीच पोर, मागितलं नाही. ही वही आता पेटीतच ठेवीन, तुमच्या पान्यांखाली. दुसरा पत्ता कुठाय.

एक सांगायचं राहिलं. ती पेटी धुळ्याला माझ्याच खोलीत आहे, पलंगाखाली. पाना कसा धरायचा ते तुम्हीच शिकवलंत, काम दहा मिनिटांचं आहे. तुम्ही ते चार वर्षं काढून ठेवलंत आबा. पुढची अकरा वर्षं मी.